संकासुर, रॉक आणि मराठी समीक्षेचे कान

‘प्रयोगशील’, ‘बंडखोर’ आणि ‘भूमिगत’ ही तीन विशेषणे मराठी समीक्षेने गेल्या सहा-सात दशकांत कोणाला बहाल केली आणि कोणाला नाकारली, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. हिशेबाची जमेची बाजू सर्वांना पाठ आहे. १९५४मधील ‘शब्द’, १९६३मधील ‘असो’, १९६९मध्ये झालेली ‘सत्यकथे’ची होळी, १९७२मधील ‘गोलपिठा’, ‘आविष्कार’ने छबिलदास शाळेच्या सभागृहात चालविलेली रंगचळवळ, ही नावे पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी झोपेतून उठून सांगेल. यांतील एकही नाव अपात्री पडले असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो निवडीच्या निकषाचा. या सर्व बंडांपाशी एक समान पुरावा होता, आणि तो कागदाचा होता. चक्रमुद्रित अनियतकालिक असो, जाळलेला अंक असो, की तालमीपूर्वी टंकलिखित झालेले नाटक असो. समीक्षकाच्या हाती काहीतरी लिखित पडत होते. ज्या बंडाने कागद मागे ठेवला नाही ते बंड आपल्या समीक्षेच्या लेखी घडलेच नाही.

वास्तविक त्या पिढीचे कान बंद नव्हते. अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. १९७०च्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, ती स्वतः गायिली आणि ध्वनिमुद्रितही केली. त्या गाण्यांचे शब्द पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले ते २००९मध्ये, ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मधून, म्हणजे कवीच्या निधनानंतर ५ वर्षांनी. कोलटकरांच्या मराठी-इंग्रजी द्वैभाषिकतेवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले, ‘जेजुरी’तील श्रद्धा-अश्रद्धेचा कीस पाडला गेला, पण पखवाजावर हात बसवलेल्या या कवीच्या ओळीत ठेका कोठे पडतो, हा प्रश्न विचारण्याची गरज फारच थोड्यांना भासली. मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांतून गात आलेले नंदू भेंडे १९७८मध्ये थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकचा गळा घेऊन मराठी रंगमंचावर उभे राहिले, तेव्हाही चर्चा रंगली ती मुख्यतः ब्रेख्तची आणि पु. ल. देशपांडे यांच्या रूपांतराची. त्या गळ्याने मराठी नाट्यपदाच्या उच्चारणाचे, स्वर-व्यंजनांच्या वजनाचे काय केले, हे सांगायला आपल्यापाशी परिभाषाच नव्हती. जी वस्तू ऐकायची असते ती वाचण्याचा आपला हट्ट इतका जुना आहे की तो हट्ट आहे हेही आता जाणवत नाही.

म्हणून प्रथम ‘भूमिगत’ हा शब्द नीट पाहू. मराठी वाचकाला तो १९४२ची आठवण करून देतो. समीक्षेत मात्र तो इंग्रजी शब्दाचा भाषांतरित पोशाख घालून आला. या शब्दाची विसाव्या शतकातील सर्वांत कसोटीची परीक्षा वाङ्मयीन चळवळीत झाली नाही. ती झाली प्राग येथील एका रॉक वाद्यवृंदाच्या वाट्याला. १९६८च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरले आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. नाव घेतले होते अमेरिकेतील फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून. या मंडळींनी राजकीय घोषणांची गाणी केली नाहीत. एगॉन बाँडी या छपाईबाहेर ठेवलेल्या कवीच्या रचना ते गात, आणि त्यांत बद्धकोष्ठासारखा विषयही वर्ज्य नव्हता. कर्कश सॅक्सोफोन, ओरबाडणारे तंतुवाद्य, जाणूनबुजून बेढब ठेवलेला आवाज, चेहऱ्यावर रंग. १९७०मध्ये त्यांचा व्यावसायिक वादनाचा परवाना गेला. मग लग्नाच्या निमित्ताने, खेड्यांतील घरांतून, आडवाटेच्या खानावळींतून त्यांचे प्रयोग होऊ लागले. १९७६मध्ये अटक आणि खटला झाला. त्याविरुद्ध जे लेखक-विचारवंत एकत्र आले त्यांतून जानेवारी १९७७मध्ये ‘चार्टर ७७’ जाहीर झाला. वात्स्लाव हावेल हा नाटककार त्यांच्यात अग्रभागी होता. या वाद्यवृंदाचा सिद्धान्तकार इव्हान यिरोस हा कलेतिहासकार. १९७५मधील आपल्या निबंधात त्याने मांडलेली ‘दुसऱ्या संस्कृती’ची कल्पना आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच्या मते भूमिगतता ही संगीताची शैली नसते. अधिकृत संस्कृतीची मान्यता, तिची माध्यमे आणि तिची प्रतवारी यांच्याकडे पाठ फिरवून आपले काम आपल्या माणसांसमोर करीत राहण्याची ती वृत्ती असते.

या मापाने मराठी प्रदेशाकडे पाहिले तर नजर कोठे जावी? मुंबईच्या १९७०च्या दशकातील गिटारवाल्यांकडे ती सहज जाते. पण त्यांचा श्रोता बहुतांशी इंग्रजी महाविद्यालयांतला होता आणि मराठीशी त्यांचा व्यवहार अपवादात्मक. छबिलदासकडे जावी, तर तेथे संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जात होती आणि वृत्तपत्रांत परीक्षणे येत होती. जेथे परवान्याची, परीक्षणाची आणि छपाईची कसलीही अपेक्षा न ठेवता रात्रभर आवाजाचा, अंगविक्षेपाचा आणि वाचाळतेचा दंगा चालतो, अशी जागा शोधायची तर मुंबई सोडून दक्षिणेस उतरावे लागते. ती जागा म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील जत्रा, आणि तेथला दशावतार. त्यातही विशेषेकरून त्याच्या आरंभीचा आड दशावतार आणि त्यात येणारा संकासुर.

दशावताराची बाह्य माहिती लोकसाहित्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते आणि तिथेच घात होतो. कारण ती माहिती एखाद्या मृत प्राण्याच्या वर्णनासारखी लिहिलेली असते. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा आटोपली की रात्री उशिरा खेळ उभा राहतो आणि तो पहाटे दहीकाल्याने संपतो. म्हणून मालवणीत त्याचे नावच धयकालो. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे. ते बाकडे कधी सिंहासन असते, कधी रथ, कधी पर्वत. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. ज्याचा रंग त्याने स्वतःच लावायचा. लिखित संहिता नाही. आज कोणते आख्यान लावायचे हे ठरते, पात्रे वाटली जातात आणि त्यानंतर रात्रभर जे बोलले जाते ते उभ्या उभ्या रचलेले असते. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, चेंदवणकर, आजगावकर, पार्सेकर. मंडळांची ही नावे गावांवरून पडलेली आहेत. (साहित्यिकांच्या मंडळांना असे गावाचे नाव घेण्याचे धाडस क्वचितच झाले आहे.)

या सामग्रीत संकासुराचा प्रवेश होतो. अंगभर काळा पायघोळ झगा, डोके-चेहरा झाकणारी काळी टोपी, पांढऱ्या कडांचे डोळे, बाहेर लोंबणारी लाल जीभ. गणपती येऊन गेला आहे, भटजीची पूजा झाली आहे, सरस्वती मोरावरून नाचून गेली आहे. ब्रह्मदेव वेद घेऊन बसला आहे. आणि हा येतो, नाचतो, थबकतो, प्रेक्षकांत शिरतो, आणि वेद चोरतो. पुराणातील शंखासुराचेच हे रूप, यात शंका नाही. पण शंख येतो समुद्रातून. मालवणच्या किनाऱ्यावर समुद्रातून येणाऱ्याला उपरा म्हणणे अवघड आहे. चोरी झाली ती ग्रंथाची, आणि चोर बोलतो मालवणी.

येथे थांबले पाहिजे, कारण समीक्षेने जे पाहायला हवे होते ते येथे आहे. दशावतारातील देव, राजे आणि ऋषी बोलतात ती मराठी संस्कृतप्रचुर, आलंकारिक, जवळजवळ कीर्तनी वळणाची असते. शालेय शिक्षणही बेताचे झालेला नट ‘हे प्राणेश्वरी’पासून सुरू करून न अडखळता लांबच लांब समासयुक्त वाक्ये उच्चारतो, आणि ती त्याने कोठे पाठ केलेली नसतात. त्या उंच भाषेच्या शेजारी, त्याच बाकड्याजवळ, संकासुराची मालवणी उभी राहते. नाईक प्रमाण मराठीत प्रश्न करतो. संकासुर तो प्रश्न मुद्दाम चुकीचा ऐकतो. शब्दाचा विपर्यास हे त्याचे मुख्य हत्यार. तत्सम शब्दाचे तो पोट फाडतो आणि आत अन्न, मैथुन, मलमूत्र, शेतीचा बांध, भावकीचे भांडण, गावातला पुढारी, यांपैकी काहीही काढून दाखवतो. ज्ञानाची भाषा आणि पोटाची भाषा यांचा हा संघर्ष मराठी कादंबरीत शोधण्यासाठी आपण प्रबंधामागून प्रबंध लिहिले. तो येथे उघड्या अंगणात, दोन देहांच्या रूपाने समोरासमोर येतो. आणि अश्लीलता? आहे, भरपूर आहे. पण ती मध्यमवर्गाला हादरवण्यासाठी योजलेली नाही. तिच्यासमोर तो वर्ग बसलेलाच नसतो. अंगणात म्हाताऱ्या आहेत, मांडीवर पेंगणारी मुले आहेत, मुंबईहून जत्रेसाठी आलेले गिरणीकामगारांचे वारस आहेत. बाँडीच्या बद्धकोष्ठाच्या गाण्यांत जे शरीर संस्कृतीच्या सभ्य पृष्ठभागाला छेद देऊन वर येते तेच येथे येते. फरक एवढाच की येथे ते दरवर्षी अपेक्षित असते.

आवाजाविषयी स्वतंत्रपणे बोलायला हवे. दशावताराच्या संगीतावर संगीत नाटकाचे संस्कार झाले आहेत हे खरे. पदांत रागांची छाया असते, पेटीवाला ती जाणतो. परंतु प्रयोगाचा कणा पेटी नव्हे. तो कणा आहे मृदंग आणि झांज यांनी मिळून उभी केलेली लय. नटाच्या वाक्याचा शेवट कोठे होणार हे नटालाही पूर्वी ठाऊक नसते. मृदंगवाला ते त्याच्या श्वासावरून, खांद्यावरून ओळखतो आणि थाप टाकतो. संकासुराच्या प्रत्येक उलट उत्तराला झांजेचा एक तडाखा बसतो आणि त्या तडाख्याने हशाला वाट मिळते. युद्धाच्या प्रसंगी गती चढत जाते, तलवारी फिरतात, शब्द संपतात आणि उरतो निव्वळ धातूचा व चामड्याचा कल्लोळ. रॉकच्या रसिकाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. गीताचा अर्थ ज्या बिंदूपाशी आवाजात विरघळतो आणि तरी काहीतरी सांगितले जातच राहते, तो हा बिंदू. मालवणी गाऱ्हाण्यात एकाने मागणे मांडायचे आणि समुदायाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते उचलून धरायचे, ही हाक-प्रतिसादाची लयही याच प्रदेशाच्या कानात मुरलेली आहे. समीक्षकांनी तिला ‘बोलीचे सौंदर्य’ म्हटले. सौंदर्य असेलही, पण तिची रचना सांगीतिक आहे आणि तिला तसे ऐकायला हवे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा येईल की हे देवाच्या दारातले, धार्मिक विधीला बांधलेले रूप आहे. त्याला प्रयोगशील वा भूमिगत म्हणणे म्हणजे शब्दांचा खेळ. या आक्षेपामागे एक गृहीतक दडले आहे : जे आधुनिक ते इहवादी आणि जे इहवादी तेच प्रयोगक्षम. प्रागच्या त्याच वाद्यवृंदाने १९७८मध्ये हावेलच्या खेड्यातील घरी जे ध्वनिमुद्रण केले ते ख्रिस्ताच्या यातनांच्या आख्यानाचे होते. तेव्हा त्यांची भूमिगतता कमी झाली असे कोणी म्हटलेले नाही. पुराणकथा ही पूर्वमान्य चौकट आहे. चौकट सर्वांना ठाऊक असल्यामुळेच आतल्या प्रत्येक विचलनाचा धक्का बसतो. राजा कोण, कपटी कोण, शेवटी काय होणार, हे अंगणातल्या शेवटच्या मुलालाही माहीत असते. मग तो रात्रभर जागतो कशासाठी? आज हा नट कोठे आणि कसा घसरणार, यासाठी. प्रयोगशीलतेची याहून नेमकी व्याख्या समीक्षेने कोठे केली असल्यास तिने ती दाखवावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संकासुर शेवटी मारला जातो. विष्णू येतो, वेद परत मिळतात, व्यवस्था पूर्ववत होते. बाख्तिनच्या कार्निव्हलची चर्चा आपल्याकडे १९९०च्या दशकात जोरात होती, तेव्हा लोककलांवर ती संकल्पना स्वस्तात चिकटवण्यात आली. आणि टेरी ईगलटनने १९८१मध्येच घेतलेला आक्षेप मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला गेला. ईगलटनचे म्हणणे असे की कार्निव्हल हे सत्तेनेच परवाना दिलेले बंड असते. गावऱ्हाटीच्या संदर्भात हे म्हणणे टाळता येणार नाही. मान कोणाचा, पालखीला हात कोणाचा, देवळात कोणी कोठवर यायचे, हे सारे जातीने ठरलेले जग या खेळाभोवती उभे होते आणि अंशतः आजही आहे. पारंपरिक मंडळांच्या बाकड्यावर बाई उभी राहिलेली नाही. संकासुर भटजीची थट्टा करतो, पण मानकऱ्यांची उतरंड मोडत नाही. तेव्हा दशावतारात क्रांती शोधणाऱ्यांनी तो शोध थांबवावा. तेथे ती नाही.

परंतु परवान्याचा मुद्दा उलट बाजूनेही पाहायला हवा. परवान्यावाचून चाललेले बंड जगात फार थोडे आहे. पाश्चात्त्य रॉकला ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा परवाना होता. आपल्या बंडखोर पिढीला पुढे साहित्य अकादेमी, ज्ञानपीठ, पद्म हे परवाने मिळाले आणि ते नाकारण्याची घाई सहसा कोणी केली नाही. हा दोषारोप नव्हे. मुद्दा असा की ज्या कठोर मापाने संकासुराला ‘परवानाधारक’ ठरवले जाते त्या मापाने छापील बंडखोरांना कोणी मोजत नाही. संकासुराची अट निदान उघड आहे : पहाटेपूर्वी मरायचे. तो मरतो आणि दुसऱ्या रात्री चार कोसांवरच्या जत्रेत पुन्हा वेद चोरतो. त्याचा मृत्यू त्याला पदावर बसवत नाही, ज्येष्ठ करत नाही, त्याच्या समग्र वाङ्मयाचे खंड काढत नाही.

तिसरा आक्षेप समीक्षकांच्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून तो उच्चारलाही जात नाही : संहिता नाही, कर्ता नाही, मग समीक्षा कशाची करायची? याचे उत्तर १९६०मध्ये अल्बर्ट लॉर्डच्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ने दिले आहे. मिलमन पॅरी आणि लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातील निरक्षर गायक ध्वनिमुद्रित केले आणि दाखवून दिले की मौखिक गायक पाठांतर करीत नाही. गाण्याच्या क्षणीच तो रचना करतो. १९३५मध्ये अव्दो मेजेदोविच या गायकाने त्यांच्यासमोर बारा हजारांहून अधिक ओळींचे एक महाकाव्य गायिले. येथे लक्षात ठेवायचे ते ओळींची संख्या नव्हे, गायकाचे नाव. होमरच्या अभ्यासकांनी एका खाटकाचे नाव महाकाव्याच्या मीमांसेत कर्ता म्हणून नोंदवले. आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी दशावतारावर लिहिताना काय केले? ‘कलावंत’, ‘लोककलावंत’, ‘ग्रामीण नट’ असे अनामिक बहुवचन वापरले. बाबी नालंग, बाबी कलिंगण, २०२२मध्ये निधन पावलेले सुधीर कलिंगण ही नावे जत्रेच्या अंगणात ठाऊक होती. सुधीर कलिंगणांना प्रेक्षकांनी ‘लोकराजा’ म्हटले, म्हणजे प्रेक्षकांनी निवड केली, तुलना केली, मूल्यमापन केले. समीक्षा झाली ती तेथे. विद्यापीठात झाली ती जंत्री.

आणि ही जंत्री निरुपद्रवी नाही. अभ्यासक्रमात ‘आधुनिक मराठी वाङ्मय’ आणि ‘लोकसाहित्य’ अशा दोन वेगळ्या अभ्यासपत्रिका असतात. पहिल्या पत्रिकेत व्यक्ती असतात, कालखंड असतात, वाद असतात. दुसरीत प्रकार असतात, वैशिष्ट्ये असतात आणि ‘जतन करण्याची गरज’ असते. एकात घडामोड, दुसऱ्यात ठेवा. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३मध्ये, विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतील ‘सीतास्वयंवरा’पासून सांगतो. भाव्यांच्या नाटकांतही गद्य संवाद नटांनी आयत्या वेळी बोलायचे असत, आणि त्यांच्यापुढे नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवतांच्या खेळांचा. तरी ती रंगभूमी इतिहास झाली आणि दशावतार पार्श्वभूमी. देशीवादाने हा भेद पुसला असता, असे वाटण्याला जागा होती. परंतु १९८३नंतरची देशीवादाची चर्चा कादंबरी, संतकविता आणि भाषानिष्ठा यांभोवतीच फिरत राहिली. मुळांचा गौरव झाला, मुळांवर रात्री दोन वाजता काय चालते हे पाहायला फारसे कोणी गेले नाही.

नगरातील प्रयोगशीलतेने या रूपाकडून घेतले मात्र पुष्कळ. ‘घाशीराम कोतवाल’च्या आकृतिबंधाची मुळे कोकणातील खेळे, दशावतार अशा रूपांत दाखवली गेली आहेत. तो १९७२चा प्रयोग थोरच होता. पण त्यानंतर ‘प्रयोगशील’ हे विशेषण घेणाऱ्याच्या नावावर चढले आणि देणाऱ्याकडे ‘लोकतत्त्व’ एवढाच शब्द उरला. १९८०मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी रंगमंचावर आणले, त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले आणि मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर बैठक मिळाली. कांबळींच्या वाक्याची फेक, त्यांचा थांबा आणि त्यानंतरचा घाव ज्यांनी ऐकला त्यांना त्यामागचा धयकालो ओळखू येतो. पण नाटकाची कल्पना पाहा : गावकऱ्यांचा पौराणिक प्रयोग कसा फसतो, हे त्याचे विषयसूत्र. गावच्या अंगणात जे रात्रभर यशस्वीपणे उभे राहते, त्याच्या अपयशावर नगर पोट धरून हसले. दोष गवाणकरांचा नाही, कांबळींचा तर नाहीच; आपल्या प्रदेशावर हसण्याचा हक्क त्यांना होता आणि त्यांनी तो मायेने बजावला. दोष त्या अभिरुचीचा आहे जिने त्यानंतर मालवणीला विनोदाखेरीज दुसरे काम देण्याचे फारसे मनावर घेतले नाही. याच भूमीतून आलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या काळोख्या, शापित जगाशी संकासुराच्या काळ्या झग्याचे काही नाते असेल, हे या अभिरुचीला सुचणे शक्य नव्हते. खानोलकरांत तिने गूढ पाहिले, मालवणीत विनोद, आणि दोन्ही एकाच अंगणातले आहेत हे विसरून गेली.

आजचे संकट उपेक्षेचे नाही, कौतुकाचे आहे. २०२५मध्ये ‘दशावतार’ हा चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला आणि नागर प्रेक्षकाला या कलेविषयी एकाएकी उमाळा आला. चित्रपट आपल्या जागी. पण त्यानंतर सर्वत्र ऐकू आलेला ‘आपली लोप पावत चाललेली कला’ हा सूर तपासला पाहिजे. जी कला हंगामात रात्रीमागून रात्री उभी राहते तिला लोप पावणारी म्हणण्यात म्हणणाऱ्याची सोय असते. मरणासन्न माणसाशी वाद घालावा लागत नाही. महोत्सवांत आणि स्पर्धांत वेळेची मर्यादा येते आणि तिच्याखाली सर्वप्रथम आखडतो तो आड दशावतार, म्हणजे संकासुरच. जत्रेतही पुष्कळदा तो आटोपता घेतला जातो. त्याची जीभ व्यासपीठावरील पाहुण्यांसमोर सौम्य होते. दुसरीकडे ‘ट्रिकसीनयुक्त’ दशावतार आला. दिवे, धूर, यांत्रिक चमत्कार. या नव्या दशावतारावर शुद्धतावादी नाक मुरडतात, परंतु ध्वनिवर्धक, धूर आणि चकचकाट यांचा हव्यास रॉकलाही होता आणि त्यावरून कोणी त्याची कबर खणली नाही. ट्रिकसीनने दशावतार बिघडत नाही. बिघडतो तो लिहून दिलेल्या संवादांनी. ज्या दिवशी संकासुराची उत्तरे आधी तपासून घेतली जातील त्या दिवशी त्याचा झगा कितीही पारंपरिक असला तरी आत कोणी नसेल.

जाणकार म्हणतील, मग समीक्षेने करावे काय? तिने जत्रेचा परवाना होऊ नये, ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक कष्टाची आहे. आज एकेका जत्रेतील खेळ प्रेक्षकांच्या मोबाइलवर ध्वनिचित्रमुद्रित होतात आणि महाजालावर चढवले जातात. कोलटकरांच्या गाण्यांना हे भाग्य लाभले नव्हते. एकच मंडळ, एकच आख्यान, पाच गावांतील पाच रात्री, असा संच आता एखाद्या संशोधकाला घरबसल्या जमवता येतो. वालावलच्या अंगणात नाईकाने विचारलेल्या प्रश्नाला संकासुराने काय उत्तर दिले, तेच मोचेमाडला कसे बदलले, कोणत्या गावी तो कोणाविषयी गप्प बसला, झांज कोठे उशिरा पडली आणि त्या उशिराने वाक्याचा अर्थ कसा फिरला, हे सारे पाठभेद आहेत. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्ये वेचणारी परंपरा मराठीला आहे. या पाठभेदांची नोंद करताना नटाचे नाव लिहावे, पेटीवाल्याचे लिहावे, मृदंगवाल्याचे लिहावे, गाव आणि तिथी लिहावी. ‘लोक’ हा शब्द तेवढ्यापुरता बाजूला ठेवला तरी चालेल.